शिबिरातल्या पांढऱ्या कोटाला काय विचारायचं?

तायांनो, दिवाळीनंतर गावोगाव कॉलेजची शिबिरं लागतात. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात बहुतेक वेळा एक दिवस मोफत आरोग्य तपासणीचा असतो. पांढरा कोट दिसला की आपण सरसकट 'डॉक्टरसाहेब' म्हणतो. पण त्यात कोणी नर्सिंगचं असतं, कोणी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचं, तर कोणी समाजकार्याचं, म्हणजे माझ्यासारखं. आमच्याकडे फक्त नावं लिहायचं काम!

म्हणून आधी विचारा, "बाळा, तू कितव्या वर्षाला?" यात कसलाही अपमान नाही. एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. शिकणारं पोर बीपी मोजेल, वजन घेईल, माहिती लिहील. औषध मात्र डॉक्टरांनीच लिहून द्यायचं. ती मुलं आपल्याकडून शिकायला येतात, हे खरंच आहे, आणि शिकली पाहिजेत. पण अंगाला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं पाहिजे. नको वाटलं तर 'नको' म्हणा. आडोसा मागा, सोबत बाईमाणूस मागा. फुकट आहे म्हणून गप्प बसायचं असं काही नाही.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. रांगेत भांडून लगेच हात पुढे केला तर आकडा वाढलेलाच येणार.

आता खरी अडचण. शिबिर संध्याकाळी उठतं, मुलं गाडीत बसून जातात आणि चिठ्ठी आपल्या डब्यात जाते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबं वाटून दिलेली असतात, ते पुन्हा त्याच घरी येतात. आता एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला आहे. पण एका दिवसाच्या शिबिराला परत येणारं कोणी नसतं. ते काम गटालाच करावं लागतं.

चिठ्ठीवर बीपी १४०/९० किंवा जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात पुन्हा मोजून घ्या. १८०/१२० च्या पुढे असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईचा १४०/९० असला तरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली, म्हणजे रक्त कमी. 'मला काही होत नाही' हे कारण चालणार नाही. बीपी वाढलेलं बऱ्याचदा कळतच नाही.

पुढच्या मासिक बैठकीला ज्यांच्याकडे चिठ्ठ्या आहेत त्यांनी सोबत आणा. आशाताईंनाही बोलवा. फक्त आकडे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका, एकेकीला बाजूला घेऊन बघा. आणि पीएचसीला जाताना दोघी-तिघी मिळून जा, रिक्षाचं भाडंही वाटून जातं.