शर्यत हातातल्या पडद्याची, गरज टेबलावरच्याची

1984 साली दोन यंत्रे बाजारात आली. ॲपलच्या मॅकिंटॉशच्या नऊ इंची पडद्यावर आडवे 512 आणि उभे 342 पिक्सेल होते, म्हणजे इंचाला 72. ह्यूलेट-पॅकार्डचा लेझरजेट प्रिंटर मात्र कागदावर इंचाला 300 ठिपके उमटवत होता. कागद आणि पडदा यांच्यातली ही चौपट दरी बुजवण्यात पुढची अनेक वर्षे गेली. मोबाइलने ती बुजवली, इतकेच नव्हे तर गरज संपल्यावरही तो पुढे धावत राहिला. ज्या पडद्यासमोर बसून दिवसभर वाचायचे-लिहायचे, तो टेबलावरचा मॉनिटर मात्र मागे राहिला. पिक्सेल घनतेच्या या प्रवासातली खरी चूक हीच आहे, असे माझे मत आहे, आणि देवनागरी वाचणाऱ्याला तिची किंमत जास्त मोजावी लागली.

विंडोजने इंचाला 96 पिक्सेल हे माप धरले. त्या मापात 12 पॉइंटच्या अक्षराला उंचीत 16 पिक्सेल मिळतात. रोमन लिपीचे त्यात भागते. देवनागरीचे मात्र भागत नाही. ‘मूर्तींना’ हा साधा शब्द घ्या. शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली ऊकार, मध्ये अक्षराचा देह, आणि हे सगळे त्याच 16 ओळींत. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोज 2000 बरोबर आला आणि पडद्यावरच्या मराठीला युनिकोडचे घर मिळाले. पण मोजक्या चौकटींत रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळू न देण्याची कसरत कोणत्याही अक्षरकाराला करावी लागतेच. मायक्रोसॉफ्टने 1998 साली जाहीर केलेल्या क्लियरटाइपने पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या स्वतंत्रपणे वापरून अक्षराच्या कडा सुधारल्या. या पट्ट्या शेजारी शेजारी असल्याने फायदा फक्त आडव्या दिशेला झाला. आपली दाटी उभ्या दिशेला आहे, त्यामुळे सुरुवातीच्या क्लियरटाइपने आपले दुखणे फारसे हलके केले नाही.

घनता वाढवण्याचे तंत्रज्ञान नव्हते, असे मात्र नाही. आयबीएमचा 22 इंची टी-220 हा मॉनिटर 2001 मध्येच इंचाला 204 पिक्सेल देत होता. त्याची किंमत हजारो डॉलर होती आणि त्या काळची सॉफ्टवेअर पिक्सेल मोजून चित्र काढत, त्यामुळे अक्षरे अगदी बारीक दिसत. कोंडी फुटली ती 2010 मध्ये, आयफोन 4 ने. त्याची घनता इंचाला 326 होती, आणि दहा-बारा इंचांवरून 300 च्या पुढचे पिक्सेल डोळ्याला वेगळे करता येत नाहीत, असा दावा स्टीव्ह जॉब्स यांनी केला. पडद्यांचे तज्ज्ञ रेमंड सोनीरा यांनी हरकत घेतली: उत्तम नजरेला बारा इंचांवरून 477 लागतात. दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर होते. 6/6 नजर एका अंशाचा साठावा भाग ओळखते. त्या हिशेबाने 3438 ला इंचातल्या अंतराने भागले की पुरेशी घनता मिळते, बारा इंचांना 286. तीक्ष्ण डोळे यापेक्षा पुढे जातात, आणि दोन रेघांमधला किंचित सरकलेपणा तर आणखी सूक्ष्मपणे कळतो. म्हणून 300 ही भिंत मानू नये, पण तिच्यापुढे दर पावलाला मिळणारा लाभ झपाट्याने आटतो.

ही मर्यादा ओलांडूनही शर्यत थांबली नाही. 2014 च्या एलजी जी-3 मध्ये इंचाला 538 पिक्सेल होते, तर 2015 च्या सोनी एक्सपीरिया झेड-5 प्रीमियममध्ये 806. त्या फोनमध्ये पूर्ण 4के दिसे ते मुख्यतः फोटो आणि व्हिडिओत, बाकी कामे कमी रिझोल्यूशनवर चालत. 2017 मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस-8 तर मूळ सेटिंगमध्येच पूर्ण रिझोल्यूशन न वापरता विकायला आला. निव्वळ इंचाचे माप किती फसवे आहे ते ॲपलच्या व्हिजन प्रो या डोळ्यांवर लावायच्या हेडसेटमध्ये दिसते: घनता इंचाला तीन हजारांहून अधिक, पण पडदा डोळ्याला इतका जवळ की दृष्टीच्या एका अंशात जेमतेम 34 पिक्सेल येतात. 6/6 नजरेला 60 हवे असतात.

आता टेबलाकडे वळू. दोन फुटांवरून 143 ची घनता पुरते. सर्रास विकला जाणारा 24 इंची फुल एचडी मॉनिटर 92 देतो, आणि वर्षानुवर्षे स्वस्त लॅपटॉपवर असलेला 15.6 इंची, 1366 बाय 768 चा पडदा 100. कडा मऊ करणाऱ्या तंत्राने भागते, असे कोणी म्हणेल. त्या तंत्राने पायऱ्या लपतात, पण नसलेला तपशील येत नाही, अनुस्वाराचा ठिपका राखाडीच राहतो. शिवाय 2018 च्या मॅकओएस मोहावेपासून ॲपलने रंगपट्ट्यांवर आधारित ते तंत्र मूळ सेटिंगमधून काढून टाकले आणि साध्या मॉनिटरवरची अक्षरे आणखी फिकी झाली. जास्त पिक्सेलांना जास्त ताकदीचे ग्राफिक्स आणि जास्त पैसे लागतात, ही हरकत खेळांपुरती आजही खरी आहे. मजकूर, जमाखर्च आणि ईमेल यांसाठी मात्र आजच्या साध्या संगणकालाही 4के पडदा सहज पेलतो. 27 इंची 4के मॉनिटर इंचाला 163 पिक्सेल देतो. मराठीत रोज वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याने, आणि शाळा-कार्यालयांसाठी खरेदी करणाऱ्यांनीही, पुढचा जादा पैसा फोनऐवजी या पडद्यावर खर्च करावा.