चूक झाली तरच दिसणारे कौशल्य : यष्टिरक्षकाची पारख कशी होते?

कोलकाता : येथील ईडन गार्डन्स मैदानावर १ फेब्रुवारी २०२५ रोजी बंगालने रणजी करंडक सामन्यात पंजाबचा डावाने पराभव केला आणि या सामन्याबरोबरच यष्टिरक्षक ऋद्धिमान साहा यांची क्रिकेट कारकीर्द संपली. आपल्या अखेरच्या डावात साहा शून्यावर बाद झाले. ४० कसोटी सामने, ९२ झेल आणि १२ यष्टिचीत, अशी त्यांची कसोटीतील यष्टिरक्षणाची अधिकृत नोंद आहे. मात्र किती कठीण चेंडू त्यांनी सहज अडवले, किंवा त्यांच्या जागी दुसरा यष्टिरक्षक असता तर किती झेल सुटले असते, या प्रश्नांचे उत्तर या आकड्यांत सापडत नाही.

ज्या खेळाडूचे काम केवळ चूक झाल्यावरच लक्षात येते, त्याची पारख कोणत्या निकषांवर करावी, हा प्रश्न निवड समित्यांना आणि व्यावसायिक संघांच्या प्रशिक्षकांना नेहमीच पडत आला आहे. राज्य संघातील स्थान, लिलावातील बोली आणि तरुण खेळाडूंचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

अमेरिकेतील समांतर उदाहरण

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘लाँग स्नॅपर’ या खेळाडूची स्थिती काहीशी अशीच आहे. संघाला चेंडू लाथेने दूर टोलवायचा असतो किंवा गोलखांबांमधून मारायचा असतो, तेव्हा हा खेळाडू मैदानात उतरतो. वाकून, दोन्ही पायांच्या मधून तो चेंडू मागे फेकतो. लांब टोलवण्यासाठी हे अंतर १५ यार्ड, म्हणजे सुमारे १४ मीटर असते; गोलसाठी ते सात ते आठ यार्ड असते. एका सामन्यात त्याला अशी संधी मोजकीच मिळते.

व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगमधील प्रत्येक संघाच्या मुख्य यादीत ५३ खेळाडू असतात आणि त्यांपैकी एक जागा साधारणपणे या कामासाठी राखलेली असते. महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत मात्र लाँग स्नॅपरवर क्वचितच पसंतीची खूण होते. बहुतेकांना निवड प्रक्रिया संपल्यानंतर थेट कराराने चाचणीसाठी बोलावले जाते.

या चाचणीत पहिले मोजमाप वेळेचे असते. चेंडू १५ यार्डांचे अंतर सुमारे पाऊण सेकंदात कापतो की नाही, हे पाहिले जाते. दुसरा निकष अचूकतेचा आहे. चेंडू दर वेळी मागील खेळाडूच्या कमरेजवळ, त्याला हात फारसे हलवावे न लागता पोहोचला पाहिजे. तिसरा निकष चेंडूच्या फिरकीचा. गोलसाठी चेंडू धरणाऱ्याच्या हातात तो पोहोचताना शिवणीची दोरी योग्य दिशेला असावी, म्हणून चेंडू हवेत किती वेळा फिरतो यालाही महत्त्व असते. एखादा उत्कृष्ट फेक करून भागत नाही. शंभर वेळा एकसारखा चेंडू फेकणाराच येथे उपयोगी ठरतो.

खरी अडचण यापुढे आहे. महाविद्यालयीन नियमांनुसार चेंडू टोलवण्यापूर्वीच संघातील खेळाडूंना पुढे धावण्याची मुभा असते. त्यामुळे अनेक महाविद्यालयीन स्नॅपर चेंडू फेकताच प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने धाव घेतात. व्यावसायिक लीगमध्ये चेंडू टोलवला जाईपर्यंत केवळ दोन टोकांच्या खेळाडूंनाच पुढे जाता येते. स्नॅपरला जागीच थांबून, डोके वर काढून, अंगावर येणाऱ्या धिप्पाड खेळाडूला अडवावे लागते. हे कौशल्य त्याच्या महाविद्यालयीन सामन्यांच्या चित्रफितींत पुरेसे दिसतच नाही. म्हणूनच पारखी मंडळी अखेरच्या वर्षातील खेळाडूंच्या विशेष सामन्यांना आणि सराव शिबिरांना अधिक महत्त्व देतात.

या कामातील चुकीची किंमत किती असते, याचे उदाहरण म्हणून जानेवारी २००३ मधील न्यूयॉर्क जायंट्स आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील बाद फेरीचा सामना सांगितला जातो. ट्रे जंकिन हे १९ हंगामांचा अनुभव असलेले स्नॅपर निवृत्तीतून परतून त्याच आठवड्यात जायंट्सकडे आले होते. अखेरच्या क्षणी त्यांचा चेंडू नीट गेला नाही, गोलचा प्रयत्न फसला आणि जायंट्सचा ३९-३८ असा पराभव झाला. त्यांचे नाव घेताच अनेकांना आजही तो एकच चेंडू आठवतो.

धावफलकात न दिसणारे काम

यष्टिरक्षकाबाबतही पारंपरिक धावफलक फारशी मदत करीत नाही. झेल आणि यष्टिचीत यांची नोंद होते. सुटलेला झेल किंवा हुकलेली यष्टिचीतची संधी तेथे दिसत नाही. ‘बाय’च्या धावा यष्टिरक्षकाच्या खात्यात धरल्या जातात, पण खेळपट्टीवर चेंडू खाली राहिला की अचानक उसळला, हे त्या आकड्यातून कळत नाही. शिवाय झेलांची संख्या गोलंदाजांवर अवलंबून असते. चांगले गोलंदाज लाभलेल्या यष्टिरक्षकाची आकडेवारी आपोआप सुधारते. चेंडूगणिक नोंदी ठेवणाऱ्या संस्था आता सुटलेल्या संधींचीही गणना करतात, तरी संधी किती कठीण होती हे ठरवण्यासाठी अखेर जाणत्या माणसाची नजर लागते.

प्रशिक्षक त्यासाठी वेगळ्या गोष्टी पाहतात. यष्टिरक्षक चेंडूच्या उसळीबरोबर उठतो की आधीच उभा राहतो. लेग साइडला जाताना त्याची पावले आधी हलतात की हात. चेंडू हातमोज्यांत येताना हात मागे घेऊन वेग झिरवला जातो का. फलंदाजाच्या शरीराआड क्षणभर दिसेनासा झालेला फिरकी चेंडू तो कसा पकडतो. दिवसाच्या पहिल्या षटकापेक्षा शेवटच्या तासातील हालचाली अधिक बोलक्या मानल्या जातात, कारण थकव्यातही एकसारखेपणा टिकतो की नाही, हे तेव्हाच समजते.

बंगाल आणि मुंबईची परंपरा

बंगालला यष्टिरक्षकांची जुनी परंपरा आहे. भारताने १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा बंगालचे प्रबीर ऊर्फ खोकन सेन यांनी सामन्यात पाच फलंदाजांना यष्टिचीत केले होते. विनू मंकड यांच्या फिरकीला सेन यांच्या हातांची साथ मिळाली नसती, तर त्या विजयाचे स्वरूप कदाचित वेगळे असते. त्याच दशकात मुंबईचे नरेन ताम्हाणे २१ कसोटी सामने खेळले. फलंदाजीत त्यांची सरासरी दहाच्या आसपास असूनही केवळ यष्टिरक्षणाच्या बळावर त्यांना स्थान मिळाले होते.

हा काळ पुढे बदलला. बंगालचेच दीप दासगुप्ता यांनी २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध शतक झळकावले, तरी यष्टिरक्षणातील उणिवांमुळे त्यांची कसोटी कारकीर्द आठ सामन्यांतच थांबली. दुसरीकडे २००३ च्या विश्वचषकात भारताने एक जादा फलंदाज खेळवता यावा म्हणून राहुल द्रविड यांच्याकडे यष्टिरक्षण सोपवले. महेंद्रसिंग धोनी यांच्या उदयानंतर यष्टिरक्षकाने सामना जिंकून देणारी फलंदाजी करावी, ही अपेक्षा कायमची रूढ झाली.

साहा यांचा प्रवास

सिलिगुडीचे साहा यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूर येथे कसोटी पदार्पण केले, ते मात्र फलंदाज म्हणून. रोहित शर्मा यांना नाणेफेकीपूर्वी दुखापत झाल्याने त्यांना संधी मिळाली आणि यष्टींमागे धोनीच उभे राहिले. धोनी यांनी डिसेंबर २०१४ मध्ये कसोटी निवृत्ती जाहीर करेपर्यंत साहा यांना केवळ तीन कसोटी सामने खेळता आले.

त्यानंतरच्या वर्षांत त्यांचे कौशल्य सर्वांसमोर आले. पुण्यात २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आणि २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यांनी उमेश यादव यांच्या गोलंदाजीवर झेपावून घेतलेले झेल मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात आहेत. जानेवारी २०१८ मध्ये केपटाऊन कसोटीत त्यांनी दहा झेल घेऊन भारतीय विक्रम केला. त्याच वर्षी ते खांद्याच्या दुखापतीने बाहेर पडले आणि ऋषभ पंत यांनी इंग्लंडमध्ये शतक झळकावले. डिसेंबर २०१८ मध्ये पंत यांनी ॲडलेड कसोटीत अकरा झेल घेऊन साहा यांचा विक्रमही मागे टाकला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मायदेशातील फिरकी खेळपट्ट्यांवर साहा यांना पुन्हा पसंती मिळाली. मात्र डिसेंबर २०२० मधील ॲडलेड कसोटीनंतर पंत संघात आले आणि ब्रिस्बेनच्या विजयातील त्यांच्या नाबाद ८९ धावांनी हा प्रश्न जवळपास निकालात काढला. साहा यांचा अखेरचा कसोटी सामना डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईत झाला. निवड समितीचा कल चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. पंत यांच्या धावांनी भारताला सामने जिंकून दिले, हे धावफलकावर स्पष्ट दिसते. यष्टींमागे वाचलेल्या धावा आणि अचूक टिपलेल्या संधी मात्र तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तितक्या ठळकपणे मांडता येत नाहीत.

लिलावाचे गणित

इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात हा फरक रुपयांत मोजला जातो. साहा यांनी २०१४ च्या अंतिम सामन्यात कोलकाता नाइट रायडर्सविरुद्ध नाबाद ११५ धावा केल्या होत्या. तरीही २०२२ च्या लिलावात पहिल्या फेरीत त्यांच्यावर बोली लागली नाही. नंतर गुजरात टायटन्सने त्यांना १ कोटी ९० लाख रुपयांना घेतले आणि त्याच वर्षी हा संघ विजेता ठरला. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात पंत यांना लखनौने २७ कोटी रुपये मोजले.

बंगालच्या पुढील पिढीतील अभिषेक पोरेल यांचे उदाहरणही बोलके आहे. चंदननगरच्या या यष्टिरक्षकाला २०२३ मध्ये जायबंदी पंत यांच्या जागी दिल्ली कॅपिटल्सने घेतले. पंत परतल्यानंतर २०२४ मध्ये पोरेल यांना संधी मिळाली ती प्रामुख्याने फलंदाज म्हणून, आणि पुढील हंगामासाठी दिल्लीने त्यांना चार कोटी रुपयांना कायम ठेवले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हवे तितके बदली खेळाडू आत-बाहेर करता येतात. त्यामुळे एकाच कामात निष्णात असलेल्या खेळाडूला तेथे हक्काची जागा आहे. क्रिकेटमध्ये अकरांपैकी प्रत्येकाला फलंदाजी करावी लागते. आयपीएलमध्ये २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम लागू झाला असला, तरी संघ ही सवलत मुख्यतः जादा फलंदाज किंवा गोलंदाजासाठी वापरतात.

कोलकात्याच्या मैदान भागातील क्लबांमध्ये हातमोजे घालणाऱ्या मुलांसमोर त्यामुळे व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो. सरावाचा अधिक वेळ फलंदाजीला द्यावा की यष्टींमागे घालवावा? बाजाराचे उत्तर फलंदाजीच्या बाजूने आहे. मात्र पाचव्या दिवशी खेळपट्टी फुटते आणि बॅटची कड घेतलेला चेंडू क्षणार्धात यष्टींमागे येतो, तेव्हा कर्णधाराला गरज भासते ती खात्रीच्या हातांचीच. त्या हातांची पारख करणारी नजर निवड समितीत असेल, तरच असे यष्टिरक्षक पुढेही घडत राहतील.