छोट्या विमानातील अल्टरनेटर व दाब-नियामक : जोडणी आणि संज्ञा

मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ साली 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ साली त्याची अधिकृत नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवरून त्याची चाचणी-उड्डाणे झाली. मोसम नदीकाठच्या नामपूरपासून मालेगावमार्गे धुळे फारसे दूर नाही. नामपूरच्या बाजारात कांदा घेऊन येणारा ट्रॅक्टर आणि असे छोटे विमान यांत साम्य ते काय, असा प्रश्न कोणासही पडेल. तथापि दोहोंच्या विद्युत्-यंत्रणेचे तत्त्व एकच आहे. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या तोंडी असलेले डायनामो, कटआउट, फिल्ड, कार्बन, अर्थिंग हे शब्द विमानाच्या जोडणीत कितपत उपयोगी पडतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जुन्या डायनामोत वीज फिरत्या भागात उत्पन्न होते. इंजिन मंदावले म्हणजे बॅटरीतील प्रवाह उलट डायनामोकडे वाहू नये म्हणून 'कटआउट' योजावा लागे. अल्टरनेटरमध्ये ही रचना उलटी असते. फिरतो तो विद्युत्-चुंबक. त्यास दोन कार्बनांवाटे अल्प प्रवाह पुरविला जातो. वीज उत्पन्न होते ती भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांच्या तीन संचांत, आणि तीही प्रत्यावर्ती स्वरूपाची. सहा डायोड तिला एकदिश करतात. डायोड प्रवाहास उलट जाऊ देत नाहीत, म्हणून येथे कटआउटची गरज उरत नाही. मात्र चुंबकाला प्रथम चेतविण्यासाठी बहुधा बॅटरीच लागते. बॅटरी पूर्ण उतरली असता पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करता येईल. पण अल्टरनेटर जागा होईलच असे नाही.

नियामकाचे कार्य ह्या अल्प प्रवाहावर ताबा ठेवण्याचे होय. बारा व्होल्टच्या यंत्रणेत मुख्य वाहिनीवरील दाब सुमारे १४ व्होल्ट, तर चोवीसच्या यंत्रणेत सुमारे २८ व्होल्ट राखावयाचा असतो. दाब उतरला की नियामक फिल्डचा प्रवाह वाढवितो, चढला की घटवितो. दोन-तीन अँपिअरच्या प्रवाहाने साठ अँपिअरपर्यंतचे उत्पादन आवरले जाते. यास्तव जोडणीत दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. जाड तार अल्टरनेटरकडून मोठ्या ब्रेकरमधून मुख्य वाहिनीकडे जाते. बारीक तार मुख्य वाहिनीकडून लहान ब्रेकर, अल्टरनेटरचा स्विच व अतिदाब-संरक्षक ह्या क्रमाने नियामकाकडे आणि तेथून फिल्डकडे जाते.

खरी अडचण 'फिल्ड' ह्या शब्दाशी सुरू होते. एका प्रकारात फिल्डचे एक टोक अल्टरनेटरच्या अंगालाच जोडलेले असते आणि नियामक दुसऱ्या टोकास धन बाजूकडून प्रवाह देतो. दुसऱ्या प्रकारात एका टोकास धन प्रवाह आधीच मिळालेला असतो आणि नियामक दुसरे टोक अर्थशी जोडतो-तोडतो. नियामकाकडून कार्बनाकडे जाणाऱ्या तारेस दोन्हीकडे 'फिल्ड'च म्हणतात. आता ही तार घासून विमानाच्या धातूच्या अंगास टेकली असे समजा. पहिल्या प्रकारात ब्रेकर उडतो व उत्पादन थांबते. दुसऱ्या प्रकारात नियामक निकामी ठरून फिल्डला पूर्ण प्रवाह मिळतो आणि दाब अनावर चढतो. तारेचे नाव एक, दोष एक, परिणाम मात्र परस्परविरुद्ध! 'रामाने आंबा कापला' आणि 'सुरीने आंबा कापला' ह्या वाक्यांत 'ने' हा प्रत्यय एकच आहे; परंतु एक पद कर्ता, दुसरे करण. कारक प्रत्ययात नसते, क्रियेशी असलेल्या संबंधात असते. तारेचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट नियामकाच्या फसगतीची. नियामकास मुख्य वाहिनीचा दाब स्वतःपर्यंत आलेल्या तारेवरूनच कळतो. पुष्कळ जोडण्यांत फिल्डचा प्रवाहही ह्याच तारेतून जातो. ब्रेकर, स्विच व सांधे जुने होऊन त्यांचा एकूण रोध ०·२ ओहम झाला आणि प्रवाह ३ अँपिअर असला, तर ०·६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. नियामक स्वतःपाशी १४·२ राखतो, तेव्हा मुख्य वाहिनीवर १४·८ असतात. पुष्कळदा अँपिअरमापकाचा काटाही थरथरू लागतो. अशा वेळी नवा नियामक बसवून दोष जात नाही. सांधे तपासावे लागतात.

'अर्थिंग' हा शब्द तर विमानात भूमीपासून पूर्णच सुटतो. येथे 'अर्थ' म्हणजे विमानाची धातूची काया, प्रवाहाच्या परतीची वाट. लाकडी वा संमिश्र द्रव्याच्या विमानात ती काया नसते. परतीची तार स्वतंत्र ओढावी लागते. नियामकाचा अर्थ सैल असला तरी त्यास दाब कमी भासतो आणि प्रत्यक्षात तो वाढतो.

मॅग्नेटो असलेले इंजिन अल्टरनेटर बंद पडल्याने थांबत नाही. रात्रीच्या उड्डाणात मात्र दिवे व रेडिओ बॅटरी पुरेल तितकाच वेळ चालतात. अतिदाब त्याहून घातक. तो बॅटरी उकळवितो आणि उपकरणे जाळतो. म्हणूनच हे काम अधिकृत परवानाधारक अभियंत्याच्या तपासणीखाली व्हावे लागते.

कारागिरांचे शब्द टाकून देण्याचे कारण नाही. ते सुटसुटीत व रुळलेले आहेत. परंतु मराठीत जोडणीचे आराखडे लिहिणाऱ्याने तारेचे केवळ नाव देऊन थांबू नये. ती कोठून निघते, कोठे पोहोचते आणि नियामक तिच्या कोणत्या बाजूस आहे, ह्या तीन गोष्टी आराखड्यात असल्या, म्हणजे 'फिल्ड' ह्या शब्दाने कोणाची दिशाभूल होणार नाही.