विश्लेषण : निळी अंडी देणारी कोंबडी परसात पाळावी का? सातारा-सांगलीचा ‘कडकनाथ’ अनुभव काय सांगतो?

कर्नाटकातील दावणगेरे जिल्ह्यात ऑगस्ट २०२५ मध्ये एका कोंबडीने निळे अंडे दिल्याची बातमी आली आणि त्या अंड्याचा फोटो मोबाइलवर फिरला. निळी अंडी ही अफवा नाही. जगात काही जातींच्या कोंबड्या रोज तशीच अंडी देतात. पण वेगळ्या रंगाच्या कोंबडीचे आकर्षण किती महागात पडू शकते, हे सातारा आणि सांगली जिल्ह्यांनी २०१९ मध्ये कडकनाथच्या निमित्ताने पाहिले आहे. त्यामुळे असे पिल्लू विकत घेण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

निळा रंग येतो कुठून?

अंड्याचे कवच मुळात पांढरे असते. निळा रंग येतो तो बिलिव्हर्डिन या पित्तातील रंगद्रव्यामुळे. कवच तयार होत असतानाच ते त्यात मिसळते. तपकिरी अंड्याचा रंग मात्र शेवटच्या टप्प्यात वरून चढतो. निळ्या कवचावर तपकिरी थर बसला की अंडे हिरवट दिसते.

यामागचे कारण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या डीएनएमध्ये शिरला आणि एका जनुकाचे काम बदलले. त्यामुळे बिलिव्हर्डिन कवचात उतरू लागले. दक्षिण अमेरिका आणि चीन येथील कोंबड्यांमध्ये हा बदल वेगवेगळा घडला.

या जाती कोणत्या?

सर्वांत प्रसिद्ध जात चिलीची अरौकाना. सल्वादोर कास्तेलो या स्पॅनिश तज्ज्ञाने १९२१ मध्ये हेग येथील जागतिक कुक्कुट परिषदेत तिची माहिती जगासमोर ठेवली. अमेरिकेतील अमेरौकाना, ब्रिटनमधील क्रीम लेगबार आणि चीनमधील डोंगशियांग याही निळी अंडी देणाऱ्या जाती आहेत. भारतातील नोंदणीकृत देशी जातींमध्ये निळ्या अंड्यांसाठी ओळखली जाणारी एकही जात नाही. परदेशातून जिवंत पक्षी किंवा उबवणुकीची अंडी आणायची तर सरकारी परवानगी आणि आरोग्य प्रमाणपत्र लागते. म्हणून ‘अस्सल अरौकाना’ म्हणून कोणी पिल्ले विकत असेल, तर ती कुठून आली हे आधी विचारावे.

गावरान कळपात हा रंग उतरतो का?

उतरतो. निळ्या रंगाचे जनुक प्रभावी असते. कोंबड्याकडे त्याच्या दोन्ही प्रती असतील, तर गावरान कोंबडीपासून झालेल्या त्याच्या सगळ्या तलंगा निळी किंवा हिरवट अंडी देतात. एकच प्रत असेल, तर साधारण निम्म्याच देतात. पुढे गावरान कोंबडा मिसळत गेला की हे प्रमाण घटत जाते.

खरी अडचण पारखण्याची आहे. कोंबडा अंडे देत नाही. त्यामुळे त्याच्यात हे जनुक आहे का, हे नुसते पाहून कळत नाही. अंडे निळे असले तरी तो रंग आईचा असतो. त्यातून निघालेले पिल्लू पुढे निळेच अंडे देईल, याची खात्री नसते. पिल्लू घेतल्यापासून पहिले अंडे हाती येईपर्यंत पाच-सहा महिने जातात. विक्रेत्याचा दावा खरा होता की खोटा, हे तेव्हाच कळते.

अंडे रंगवलेले तर नाही ना?

हे घरबसल्या तपासता येते. अंडे फोडून कवच आतून पाहा. खऱ्या निळ्या अंड्याचे कवच आतूनही निळसर असते. वरून रंग दिलेले अंडे आतून पांढरट निघते.

निळे अंडे जास्त पौष्टिक असते का?

नाही. कवचाच्या रंगाचा आतल्या बलकाशी संबंध नसतो. अंड्याचा कस ठरतो तो कोंबडीच्या खाद्यावर, चरण्यावर आणि आरोग्यावर. कडकनाथबाबतही असाच गैरसमज पसरला होता. या कोंबडीची कातडी, मांस आणि हाडेही काळी असतात, म्हणून तिचे अंडेही काळे असते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते फिकट तपकिरी असते.

२०१९ मध्ये काय घडले?

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातील झाबुआ भागाची देशी जात. तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर (आताचे ईश्वरपूर) येथील महारयत अॅग्रो या कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन पिल्ले दिली आणि अंडी व पक्षी परत विकत घेण्याची हमी दिली. सातारा, सांगली, कोल्हापूरसह अनेक जिल्ह्यांतील शेतकरी यात उतरले. पुढे खाद्य येईना आणि अंडी उचलायलाही कोणी येईना. कोंबड्या मात्र रोज खातच होत्या. २०१९ मध्ये फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सांगली जिल्ह्यात तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकून निषेधही झाला.

यात दोष कोंबडीचा नव्हता. कडकनाथ वर्षाला साधारण शंभरच्या आसपास अंडी देते आणि तिच्या मांसाला गिऱ्हाईकही आहे. पण परतखरेदीच्या योजनेत विकणारा आणि विकत घेणारा एकच असतो. चढ्या दराने घेतलेल्या अंड्यांची पिल्ले करून ती नव्या सभासदाला विकायची, असा व्यवहार असेल, तर नवे सभासद थांबताच तो कोसळतो. अंडे खाणारे गिऱ्हाईक त्या साखळीत नसतेच.

तरीही पाळायची असेल तर?

सुरुवात आठ-दहा पक्ष्यांपासून करावी. तेवढ्यांना एक कोंबडा पुरतो. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करता येते. मानमोडी, गंबोरो आणि देवी या रोगांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. खुराडे जमिनीपासून उंच, कोरडे आणि मुंगूस शिरणार नाही असे जाळीचे असावे. अंड्यावर आलेल्या कोंबडीला चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा द्यावा. नाहीतर कवच पातळ होते, मग रंग कोणताही असो.

पिल्ले घरीच काढायची असतील, तर आठवड्याच्या आतली अंडी खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवावीत. २१ दिवसांत पिल्ले निघतात. कोणत्या तलंगेने कोणत्या रंगाचे अंडे दिले, हे पायात कडी घालून टिपून ठेवावे. नोंद नसेल, तर दोन पिढ्यांत रंग हातचा जातो.

उत्पन्न हाच हेतू असेल, तर वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज यांसारखे परसबागेसाठी विकसित केलेले पक्षी अधिक भरवशाचे आहेत. निळ्या अंड्याला शहरात कुतूहलापोटी चार पैसे जास्त मिळतीलही. पण आगाऊ पैसे मागणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारावेत. या पिल्लांच्या आईची आणि कोंबड्याच्या बहिणींची अंडी दाखवता येतील का? आणि तुम्ही उद्या अंडी घेणे बंद केले, तर माझ्या गावच्या बाजारात ती कोण आणि किती रुपयांना घेईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘गावरान अंड्याच्या दराने’ असे असेल, तर पिल्लाची किंमतही त्याच हिशेबाने द्यावी.