सिम चालू झालं, पण फोन कुणाचा?

जुना मोबाइल विकत घेताना सिम घातलं आणि रेंज आली, की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण रेंज आली म्हणजे फोन चोरीचा नाही, असं मुळीच नाही. फोन गेलेल्या माणसाला आधी पोलिसांत तक्रार द्यावी लागते, त्याच नंबरचं नवं सिम काढावं लागतं, मग सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर फोन बंद करण्याची विनंती करता येते. तेवढ्या दिवसांत फोन दोन हात फिरलेला असतो. पैसे मोजून घेतलेला फोन मग अचानक मुका होतो. वायफायवर चालतो, पण देशातलं कुठलंच सिम त्यात लागत नाही. शिवाय त्यात कुणीही सिम घातलं की त्याचा माग पोलिसांपर्यंत जातो, आणि दारात पोलीस येतात ते शेवटच्या गिऱ्हाइकाच्या.

हे सगळं चालतं आयएमईआय या पंधरा आकडी क्रमांकावर. त्याची केंद्रीय नोंदवही म्हणजे सीईआयआर. तिचा पहिला प्रयोग सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईतच सुरू झाला आणि मे 2023 पासून ती देशभर खुली झाली. म्हणून पैसे देण्याआधी, विकणाऱ्यासमोरच *#06# दाबा. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक दिसतील. ते खोक्याशी आणि बिलाशी ताडून पाहा. मग इंग्रजीत केवायएम ही अक्षरं, एक जागा सोडून क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवा. उत्तरात काळ्या यादीतला, नकली किंवा आधीच वापरात असलेला क्रमांक आहे असं आलं, तर कितीही स्वस्त असला तरी तो फोन घेऊ नका. उत्तर ठीक आलं तरी बिल मागाच, कारण तक्रार उद्याही नोंदली जाऊ शकते.

फोन पुसून चालू करताना जुन्या मालकाचा गूगल किंवा ॲपल पासवर्ड मागितला, तर खरा मालक तो तिथल्या तिथे टाकून देतो. 'लॉक तोडून देतो' म्हणणाऱ्याकडे कृपा करून जाऊ नका. आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे, आणि चोरीचा माल आहे हे कळूनही तो ठेवून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा फोन हाती आलाच तर बिलासकट पोलीस ठाण्यात द्या. मालकाला तो परत मिळाला की त्याच पोर्टलवर बंदी उठवता येते आणि फोन पुन्हा चालू होतो.