आगाराची परिभाषा आणि वाहतूक व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम

विद्यापीठीय अभ्यासक्रमाची आखणी करताना काय शिकवावयाचे हे आधी ठरते. कोणत्या संज्ञांतून शिकवावयाचे, हा विचार बहुधा मागाहून होतो. सार्वजनिक वाहतूक व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्र-अभ्यासक्रमात हा क्रम बदलणे अवश्य आहे. कारण या क्षेत्रातील पुष्कळसे ज्ञान ग्रंथांपेक्षा आगारांतील रोजच्या भाषेत साठलेले आहे. जालना जिल्ह्याच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी जालना, बदनापूर व परतूर ही तीनच मुख्यालये मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर आहेत. अंबड, घनसावंगी, मंठा, भोकरदन व जाफराबाद येथील सामान्य प्रवाशाचा आधार म्हणजे प्रामुख्याने एस.टी. होय. हा प्रदेश पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेनेच बसवाहतूक सुरू केली होती. म्हणजे लोहमार्ग व रस्ता यांचा विचार एकाच व्यवस्थापनाखाली होत असे. आज ही दोन खाती भिन्न आहेत, त्यामुळे त्यांच्या वेळापत्रकांचा मेळ हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो.

‘भारमान’ ही संज्ञा प्रथम घेऊ. उपलब्ध आसनांपैकी किती भरली, याचे हे शेकडा प्रमाण. समजा, ४४ आसनांची एक गाडी सकाळी गावातून तालुक्याला पूर्ण भरून गेली आणि परतताना तीत १२ प्रवासी होते. ८८ आसनांपैकी ५६ भरली. भारमान सुमारे ६४ टक्के. दुसरी गाडी तेवढ्याच अंतरावर दोन्ही वेळा २८ प्रवासी घेऊन धावली, तरी भारमान तेच येते. पहिल्या गाडीला जागा नाही म्हणून थांब्यावर राहिलेली विद्यार्थिनी या आकड्यात कोठेच दिसत नाही. शिवाय १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आकारले जाते व सवलतीची भरपाई शासनाकडून होते. तेव्हा प्रवासीसंख्या आणि वाहकाकडे जमा होणारी रोकड यांचाही सरळ संबंध उरलेला नाही. आकडा कसा काढावा यापेक्षा तो काय झाकतो, हे शिकवणे अधिक महत्त्वाचे.

दुसरी संज्ञा ‘मुक्कामी गाडी’. संध्याकाळी लोकांना गावी पोचवून रात्री तेथेच थांबणारी आणि पहाटे त्यांना घेऊन निघणारी ही गाडी. ती आगारात परत नेली, तर रात्रीची एक व पहाटेची एक अशा दोन फेऱ्या जवळजवळ रिकाम्या धावतील. मुक्काम ही बचतीची युक्ती आहे. तथापि ती टिकते ती चालक-वाहकांना गावात निजावयास जागा, पाणी व शौचालय मिळाले तरच. महिला वाहकांच्या बाबतीत ही अट अधिकच कडक होते. अर्थात वेळापत्रकाचा एक भाग ग्रामपंचायतीच्या हाती असतो. ही एक संज्ञा नीट उलगडली, तरी खर्च, श्रम व ग्रामव्यवस्था हे तीनही विषय तीतून निघतात.

पुण्याजवळ भोसरी येथे १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था कार्यरत आहे व परिवहन उपक्रमांतील अधिकाऱ्यांना ती प्रशिक्षण देते. विद्यापीठाने त्याचीच छोटी प्रत काढण्यात अर्थ नाही. प्रस्तावित अभ्यासक्रमात चार घटक असावेत : वेळापत्रकाची रचना; भारमान, उत्पन्न व सवलतींचा हिशेब; वाहतूकविषयक कायदा व कामगारांचे प्रश्न; आणि क्षेत्रकार्य. जालना, अंबड, परतूर व जाफराबाद ही जिल्ह्यातील चार आगारे क्षेत्रकार्यास पुरेशी आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एका मार्गावरील थांब्यांवर उभे राहून चढलेल्या प्रवाशांबरोबरच चढू न शकलेल्यांचीही नोंद करावी, आणि वाहतूक नियंत्रक, चालक व वाहक यांच्या तोंडच्या संज्ञा अर्थासह टिपाव्यात.

अशा नोंदींतून मराठी परिभाषाकोश तयार होईल, हा लाभ दुय्यम होय. मुख्य लाभ असा की, एखादी फेरी रद्द करण्याच्या कागदावर सही करणाऱ्या भावी अधिकाऱ्याला त्या फेरीने कोण शाळेत जाते, हे ठाऊक असेल.