शिट्टी सर्वांसाठी एकच हवी

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गाचे नियम पहिल्याच दिवशी सांगितले जातात. खेळाच्या तासाला मात्र 'चला मैदानावर, गडबड करू नका' एवढ्यावर भागते. पण जिथे नियम सांगितला जात नाही तिथे रूढी चालते, आणि या देशात रूढी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

दोन कप्तान गडी निवडतात तेव्हा शेवटी कोण उरते? मैदानातले दगड वेचायला, फक्की मारायला कोणाला हाक जाते? बूट नाहीत म्हणून कोण बाहेर बसते? मुलींना सावलीत बसवून फक्त टाळ्या वाजवायला कोण सांगते? प्राथमिक शाळेतली मुले हे सारे पाहतात, आणि आपली जागा कोणती ते शिकतात.

कराड तालुक्याला खेळाचा मोठा वारसा आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण याच तालुक्यात मसूरचे रेल्वे स्टेशनही आहे. १९०१ साली भीमराव नावाचा बालक भाऊ आणि भाच्यांसह तिथे उतरला. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच गाडी हाकायची, असे ठरले. शाळेत त्याच्यासाठी कोपरा वेगळा, गोणपाट वेगळे, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही! हे नियम कुठल्याही फळ्यावर लिहिलेले नव्हते. तरी ते सर्वांना पाठ होते.

खेळाचे मैदान आपोआप समता आणते, हा समजही खोटा आहे. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. हिंदू संघ त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकत होता, पण कप्तानपद त्यांना मिळाले नाही. पुण्यात तर त्यांचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. त्यांनी शिवलेला चेंडू चालत होता, शिवलेला कप चालत नव्हता!

म्हणून आम्ही म्हणतो, खेळाच्या तासाचे नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा. गट 'एक-दोन, एक-दोन' मोजून पाडा. कप्तान दर आठवड्याला बदला. साहित्य काढणे, आवरणे, मैदान झाडणे पाळीपाळीने सर्वांकडे द्या. कबड्डीच्या साखळीत शेजारच्याचा हात धरायला कोणीही नाही म्हणायचे नाही, हा नियम सर्वांत आधी. जो आजारी किंवा अपंग आहे त्याला गुण मोजायला द्या, पंचाची शिट्टी द्या, झेपेल तो खेळ द्या. कोण जिंकले यापेक्षा कोण खेळले, याची नोंद ठेवा.

आणि शिस्त मोडली तर? दोन मिनिटे बाजूला बसवा, चूक समजावा, परत खेळात घ्या. उन्हात फेऱ्या आणि उठाबशा ही शिस्त नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. गृहपाठ अपुरा म्हणून खेळ बंद करणेही आम्हाला मान्य नाही. खेळ हे बक्षीस नाही, तो शिक्षणाचा भाग आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत मैदान आणि खेळाचे साहित्य शाळेला आवश्यक ठरवले आहे.

शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक मात्र हा कायदा सहावी ते आठवीलाच देतो, तोही पट शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीचा भार वर्गशिक्षकांवरच पडतो. त्यांना दोष देऊन भागणार नाही, त्यांना साथ द्यावी लागेल. जिल्हा परिषद, पालिका आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणशीर स्थान आहे. आपले किती पालक त्या बैठकीला जातात? गेलेले किती बोलतात?

पुढच्या बैठकीत एवढेच विचारा : खेळाच्या तासाचे नियम कोणते, आणि ते मुलांना कोणी सांगितले? उत्तर नसेल तर तिथेच बसून नियम लिहून घ्या आणि शाळेच्या भिंतीवर लावा. ज्या मुलाचा हात आज साखळीत धरला जाईल, त्याला उद्या कोणी सहजासहजी रांगेबाहेर काढू शकणार नाही.